हाडवैद्यकी, गोव्यातील

मोडलेले हाड जुळवणे, निखळलेला सांधा बसवणे, लचक-मुरगळा उतरवणे यांची परंपरागत विद्या. ती बहुधा घराण्यातून चालत येते. वैद्याला कोकणीत ‘वैज’ म्हणतात. विद्या कागदावरची नसून हाताची, त्यामुळे तिचा मागोवा घेताना जुन्या वैद्यकग्रंथांकडेच वळावे लागते.

उगमाविषयी दोन मते संभवतात. एक, ही प्राचीन शल्यवैद्य सुश्रुताच्या भग्नचिकित्सेची, म्हणजे अस्थिभंगावरील उपचारांची, लोकशाखा. दुसरे, शेतकरी-गुराख्यांनी स्वतंत्रपणे कमावलेले हे कसब. सुश्रुतसंहितेचा काळच वादाचा आहे. मूळ भाग इसवी सनापूर्वीचा मानला, तरी आजची संहिता नंतरच्या संस्कारातून आलेली दिसते. तिच्या निदानस्थानात (अध्याय १५) कांडभग्नाचे (हाड मोडण्याचे) १२ आणि संधिमुक्ताचे (सांधा निखळण्याचे) ६ प्रकार आहेत. चिकित्सास्थानात (अध्याय ३) आंछन म्हणजे ओढणे, पीडन म्हणजे दाबणे, संक्षेप म्हणजे जुळवणे आणि शेवटी बंध असा क्रम येतो. आधाराला मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली किंवा बांबू. बंध थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलावा, असे सांगितले आहे. हाडवैद्याचा क्रम हाच असतो. पण मोडलेल्या हाडाची एकमेकांवर चढलेली टोके आधी ओढल्याशिवाय कोणालाच जुळवता येत नाहीत. तेव्हा केवळ या साम्यावरून वारसा सिद्ध होत नाही, आणि दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. हाडसांधी ऊर्फ कांडवेल ही वनस्पती मात्र अकराव्या शतकाच्या सुमाराच्या ‘चक्रदत्त’ या वैद्यकग्रंथात ‘अस्थिसंहार’ म्हणून येते; तेथे ग्रंथ आणि लोकव्यवहार यांची देवघेव मानायला जागा आहे.

सुश्रुताने मांडी-पोटरीच्या अस्थिभंगाला, तसेच कंबर व पाठीच्या कण्याला ‘कपाटशयन’ सांगितले आहे : रुग्णाला दाराच्या फळीवर निजवून, पाच खुंट्या ठोकून, अंग हलणार नाही असे बांधणे. माडांच्या प्रदेशात या फळीचे महत्त्व विशेष. नारळ काढणारा पाडेली आणि सूर काढणारा रेंदेर उंच माडावर चढतात. वरून टाचांवर पडले की टाचेचे हाड फुटते, आणि तोच धक्का वर चढून छाती-कमरेच्या सांध्यावर, म्हणजे बाराव्या पाठीच्या व पहिल्या कमरेच्या मणक्यावर, मणका चिरडतो. म्हणून टाच मोडलेल्याचा कणाही तपासावा लागतो. अशा जखमीला काखेत व पायांना धरून उचलणे फार घातक. तुटका मणका दुमडून मज्जारज्जू दाबला जातो आणि चालू शकला असता तो माणूस जन्मभर अंथरुणाला खिळतो. डोके, खांदे, कंबर एका रेषेत ठेवून तिघाचौघांनी एकदम वळवावे व फळीवर घ्यावे. त्यासाठी घराचे दार काढले तरी चालेल.

हाडवैद्यकीतील सर्वांत मोठा धोका घट्ट बंधाचा. मुले झाडावरून पडून कोपराच्या वर हाड मोडून घेतात. सूज वाढते, आधाराला बांधलेल्या बांबूच्या कामट्या सैल होत नाहीत, रक्तपुरवठा तुटतो, आणि पुढे बोटे आकसून पंजासारखी होतात. रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये या विकृतीचे वर्णन केले. बोटे सरळ करताना असह्य कळ, बधिरपणा, थंड पांढरट नखे दिसताच बंध तत्काळ कापावा. सकाळची वाट पाहू नये. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यावर हाड न चाचपताही दिसू लागले; बोटांवर विसंबणाऱ्या हाडवैद्याला ती सोय नव्हती.

पोर्तुगीज अमदानीत पणजीला १८४२ मध्ये वैद्यकीय-शल्य विद्यालय स्थापन झाले. त्याचेच पुढे १९६३ मध्ये गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. ते आता बांबोळीला आहे. प्लास्टर काढल्यावर आखडलेला सांधा चोळून घ्यायला लोक हाडवैद्याकडे जातात. गुडघ्याला हलक्या हाताने तेल लावले तर नुकसान नाही. कोपर मात्र जोराने चोळू वा ताणू नये : स्नायूतच हाड धरते आणि सांधा कायमचा आखडू शकतो. तो रुग्णाने स्वतः, दुखेल तेथे थांबत, दिवसातून अनेकदा हलवावा.