रशियन क्रियापदं जोडीनं का येतात?

ईस्टरला रशियन माणसं भेटली की एक म्हणतो, ‘ख्रिस्तोस वस्क्रेसे’, ख्रिस्त उठला. दुसरा म्हणतो, ‘वाइस्तिनु वस्क्रेसे’, खरोखरच उठला. यातलं ‘वस्क्रेसे’ आजच्या रशियन व्याकरणाच्या एकाही तक्त्यात सापडत नाही. रोजच्या भाषेत ते ‘वस्क्रेस’ असं होईल. शेवटचा ‘ए’ एका मेलेल्या भूतकाळाचा आहे, आणि तो काळ गेल्यावर त्याचं बरंचसं काम ज्याच्या अंगावर पडलं, त्यानं आज रशियन शिकणाऱ्याची झोप उडवली आहे. रशियनमध्ये त्याला ‘विद’ म्हणतात, म्हणजे क्रिया चालू की पुरी हे सांगणारा क्रियापदाचा भेद. ‘लिहिणे’ला एक शब्द पुरत नाही: लिहिण्याचं काम चालू असेल, नेहमीचं असेल किंवा नुसतं ‘केलं होतं’ एवढंच सांगायचं असेल तर ‘पिसात्’, आणि लिहून पुरं झालं असेल तर ‘नपिसात्’. वाचणं, करणं, उघडणं, विकत घेणं, बहुतेक क्रियापदांची हीच तऱ्हा.

रशियन जिच्यातून आली त्या जुन्या स्लाव्ह भाषेला चार भूतकाळ होते. घडून गेलेल्या घटनेचा एक, चाललेल्या किंवा पुन्हापुन्हा घडणाऱ्या क्रियेचा दुसरा, आणि सहायक क्रियापद लावून होणारे आणखी दोन. संस्कृतचे लङ्, लुङ् आणि लिट् हे तीन भूतकाळ ज्यांनी घोकले आहेत त्यांना हा पसारा परका वाटणार नाही. बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या कीव्हच्या बखरीत हे काळ थाटात नांदताना दिसतात. पण बखर लिहिणारे मठातले लोक. घरातली भाषा काय होती ते कळलं नोव्हगोरोद या जुन्या रशियन शहराच्या मातीतून. १९५१च्या जुलैत तिथे उत्खननात भूर्जाच्या सालीवर कोरलेलं पहिलं पत्र निघालं, आणि मग निघतच राहिली. उधारी, धान्य, भांडणं, निरोप. अकराव्या ते पंधराव्या शतकातल्या या चिठ्ठ्यांत बखरीतले दिमाखदार काळ क्वचितच भेटतात. तिथे चालतं ते एकच रूप, ‘ल’ लागणारं. लेखी भाषेनं मात्र जुन्या काळांची ऐट पुढेही सोडली नाही. सतराव्या शतकात तुरुंगात बसून आत्मचरित्र लिहिणारा धर्मगुरू अव्वाकूम एकाच पानावर दोन्ही वापरतो.

हे ‘ल’चं रूप मुळात धातुसाधित विशेषण होतं. ‘(मी) लिहिलेला आहे’ अशा धर्तीची रचना, त्यातला ‘आहे’ गळाला आणि विशेषणच भूतकाळ होऊन बसलं. विशेषण म्हटलं की लिंग आलंच: ‘ओन प्रिशोल, अना प्रिश्ला, अनो प्रिश्लो’. तो आला, ती आली, ते आलं! मराठी माणसाला इथे थबकायला होतं. तीन लिंगं, भूतकाळात ‘ल’, आणि बाईनं ‘मी आले’ तर पुरुषानं ‘मी आलो’ म्हणायची सोय, सगळं जागच्या जागी. तरीही हे दोन ‘ल’ सख्खे नाहीत. आपला ‘ल’ प्राकृतातल्या ‘इल्ल’ प्रत्ययातून आला, ‘गत’ला तो जोडून ‘गेला’ झालं. स्लाव्ह ‘ल’ची वाट वेगळी. शिवाय आपलं मूळ विशेषण कर्मणी होतं, म्हणून ‘मी चिठ्ठी लिहिली’ असं क्रियापद चिठ्ठीच्या मागे जातं. त्यांचं कर्तरी होतं, म्हणून रशियनमध्ये ते कर्त्याला सोडत नाही. इथे मराठीच्या सवयीनं हमखास चूक होते.

आता एकच भूतकाळ उरला. ‘लिहीत होता’ आणि ‘लिहून झालं’ हा फरक दाखवायचा कसा? सोय आधीपासून घरात होती: उपसर्ग. ‘न’ म्हणजे वर, ‘प्र’ म्हणजे आरपार. हा ‘प्र’ आणि आपला ‘प्र’ मात्र खरोखरच एका मुळाचे. उपसर्गानं क्रियेला शेवट दिसू लागतो. आरपार वाचलं म्हणजे वाचून संपलंच. पण उपसर्ग स्वस्थ बसत नाही. ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते’ हे आहार-विहार-संहारवाल्या भाषेला सांगायला नको. ‘पिसात्’ला ‘पद्’ (खाली) लावला तर ‘पत्पिसात्’ म्हणजे सही करणे. अर्थही बदलला आणि क्रियाही पुरी झाली. मग ‘तो सही करत होता’ कसं म्हणणार? त्यासाठी मध्ये ‘इव’ घालून ‘पत्पीसिवत्’ हे नवं अपूर्ण रूप घडवलं. ही टाकसाळ शतकानुशतकं चालली आणि जोड्यांची फौज उभी राहिली. (बल्गेरियन या दुसऱ्या स्लाव्ह भाषेनं जुने काळही ठेवले आणि जोड्याही. म्हणजे एक गेलं म्हणूनच दुसरं आलं, असा सोपा हिशेब नाही. पण रशियनमध्ये भार वाढला हे खरं.)

व्याकरणकारांना हे उमगायला फार वेळ लागला. स्मोत्रित्स्कीच्या १६१९च्या व्याकरणात ‘विद’ हा शब्द आहे, पण ग्रीक ‘एइदोस’चा तर्जुमा म्हणून, धातू मूळचा की साधित एवढंच तो सांगतो. (‘एइदोस’, ‘विद’ आणि आपला ‘विद्’ धातू, तिघांचं मूळ एकच.) १७५५ साली लोमोनोसोवनं रशियनचे तब्बल दहा काळ मोजले. ‘त्र्यास’ (हलवत होता), ‘त्रिख्नूल’ (एकदा हलवलं), ‘त्र्याखिवल’ (हलवायचा), प्रत्येकाला वेगळ्या काळाची खुर्ची. हसण्याआधी आपलं शालेय व्याकरण आठवावं: साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती भूतकाळ. आपणही ‘केव्हा’ आणि ‘कसं’ एकाच दोरीत ओवतोच की. पुढे ग्रेचनं १८२७मध्ये विद काळापासून वेगळे काढून मांडले. रायफनं त्याच्या व्याकरणाचं फ्रेंच भाषांतर करताना ‘विद’ला ‘आस्पेक्त’ म्हटलं आणि तो शब्द जगभर गेला. तरी विद किती, यावर वाद चाललाच. वस्तोकोव १८३१मध्ये तीन मोजतो. दोनांचा हिशेब पक्का व्हायला विसावं शतक उजाडलं.

एवढा इतिहास उगाळायचं कारण म्हणजे आजही बरीच पुस्तकं हा विषय इंग्रजीच्या काळांवरून शिकवतात, आणि मराठी विद्यार्थी विनाकारण लांबच्या रस्त्यानं जातो. ‘स्दवाल, नो नि स्दाल’, म्हणजे परीक्षेला बसला, पण पास झाला नाही. धातू एकच, पहिल्यात प्रयत्न, दुसऱ्यात निकाल. ‘अक्नो’ म्हणजे खिडकी. ‘क्तो अत्क्रील अक्नो?’ असं विचारलं तर खिडकी बहुधा अजून उघडी आहे, ‘क्तो अत्क्रिवाल?’ म्हटलं तर कुणीतरी उघडून पुन्हा लावली असावी. काळ दोन्हीकडे तोच, भूत. पूर्ण क्रियेला वर्तमान मिळत नाही हेही यातूनच कळतं. चालू असलेली गोष्ट पुरी कशी असेल? म्हणून ‘पिशू’ म्हणजे लिहितो, आणि त्याच प्रत्ययाचं ‘नपिशू’ म्हणजे लिहीन.

आपल्याकडे याला जवळचं काही असेल तर ते ‘लिहून काढलं’, ‘खाऊन टाकलं’, ‘करून ठेवलं’. आपण मागे क्रियापद जोडतो, ते पुढे उपसर्ग. पण हात राखून. ‘टाकलं’मध्ये एकदाचं उरकल्याचा सूर आहे, ‘ठेवलं’मध्ये पुढची तरतूद, ‘नपिसाल’मधल्या ‘न’ला असली कुठलीच चव उरलेली नाही. शिवाय रशियन माणूस ‘नि नपिसाल’ दिवसातून दहादा म्हणेल. ‘मी पत्र लिहून टाकलं नाही’ असं मराठीत कोण म्हणतं?