कार्डावर 19, खरं वय 16

आखातीज म्हणजे अक्षय तृतीया, लग्नांचा मोठा मुहूर्त, ती जवळ आली की इंदूरच्या आसपासच्या गावांत बालविवाह थांबवायला पथकं फिरतात, पेपरात दोन दिवस बातम्या येतात, मग सगळं थंड. ज्यांची लग्नं थांबली नाहीत त्या पोरींचं वर्षभराने काय होतं ते कोणी छापत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 6.8 टक्के आई तरी झाल्या होत्या नाहीतर गरोदर होत्या, मध्य प्रदेशात 5.1 टक्के. आधीच्या पाहणीत आपल्याकडे 7.3 होते, म्हणजे कमी होतंय, चांगलंच आहे.

पण विषय निघाला की आपल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास येतं, "आमच्या आजीला पंधराव्या वर्षी पहिलं मूल झालं, तिला काय झालं?" अहो, जिला झालं तिची नातवंडं हे सांगायला आहेतच कुठे!

खरी गंमत अशी आहे की 16 वर्षांच्या पोरीचं स्वतःचंच शरीर अजून वाढत असतं. हे मोजायचं कसं हा मोठाच प्रश्न होता, कारण गरोदरपणात वजन वाढतं, पाठीचा कणा जरा दबतो आणि उंची उलट कमी भरते. म्हणून अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅम्डेन गावी थेरेसा शॉल आणि त्यांच्या टीमने गरोदर मुलींची गुडघ्यापासून टाचेपर्यंतची लांबी मोजली, परत परत, कणा दबला तरी ती थोडीच बदलते. तर निम्म्याच्या आसपास मुली अजून वाढतच होत्या. आणि 1994 मध्ये त्यांनी छापलं ते अजब होतं, या वाढणाऱ्या मुलींचं वजन गरोदरपणात जास्त वाढलं पण त्यांची बाळं सरासरी 155 ग्रॅमने हलकी निघाली. म्हणजे ताट एक आणि जेवणारे दोघं, त्यात आईचं शरीर आधी आपलं वाढून घेतं. कंबरेच्या हाडाचं तर अजून वेगळंच, उंची थांबली तरी ते पुढे काही वर्षं रुंद होत राहतं, म्हणून कोवळ्या वयात डिलिव्हरी अडायची भीती जास्त. यावर घरच्या बायकांचा उपाय काय, तर कमी खा, बाळ लहान राहील, सुटका सोपी होईल! जिला सगळ्यात जास्त खायला हवं तिचंच ताट कमी करायचं.

दुसरी अडचण तारखेची, म्हणजे दिवस कधी गेले ते कळण्याची. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं ती मागेपुढे होतेच, त्यामुळे चुकली तरी पोरीला काही वाटत नाही, आणि कळलं तरी "तीन महिने कुणाला सांगायचं नाही". इकडे बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांच्या आसपास बंदही होऊन जाते, तिला लागणारं फॉलिक अ‍ॅसिड हे जीवनसत्त्व खरं तर त्याच्या आधीपासून पोटात जायला हवं. बारा आठवड्यांच्या आत दवाखान्यात नाव नोंदवा म्हणतात ते उगीच नाही, तेव्हाच्या सोनोग्राफीत दिवस बरोबर कळतात, नंतर अंदाज चुकत जातो.

आता लाल गोळी. 60 मिलिग्रॅम लोह, चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान 180 दिवस. हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे रक्त कमी, 7 च्या खाली म्हणजे फारच कमी, दवाखान्यात दाखल व्हायचीही वेळ येऊ शकते. गोळीने बाळ काळं होतं हा निव्वळ भ्रम, काळी होते ती शी, आणि त्यात घाबरायचं काही नाही. मळमळत असेल तर रात्री झोपताना घ्या. आणि आपला इंदुरी नाश्ता, पोह्यावर लिंबू पिळतो ते एकदम बरोबर, लिंबाने लोह अंगी लागतं, पण लगेच वरून कट चहा मारला की त्यातलं टॅनिन लोह धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. चहा तासभराने. कॅल्शियमची गोळीपण लोहाबरोबर नको.

आमच्याकडे कामाला येतात त्या बाईंची सून मागे गरोदरपणाच्या तपासणीचं कार्ड दाखवायला आली होती, वय 19 लिहिलेलं. पोरगी दहावीत शाळा सोडून गेल्या वर्षीच आलेली, मी नुसतं बघितलं तर सासू हळूच म्हणाली, "दीदी, उमर तो लिखवानी पड़ती है." भीती खोटी नाही, 18 च्या खाली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं. पण त्याच कार्डावरून डॉक्टर ठरवतात की ही जोखमीची केस आहे का, आणि 19 वाचून पोरगी साध्या रांगेत जाते. उपचार मात्र कमी वयाच्या मुलीलाही नाकारता येत नाहीत, हे निदान सासूला माहीत असावं.

सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांना डॉक्टर फुकट तपासतात, बीपी आणि लघवी त्या दिवशी नक्की बघून घ्या. कमी वयात बीपी वाढून झटके येण्याचा धोका जास्त, वीस आठवड्यांनंतर बीपी 140/90 ला पोचलं की थांबायचं नाही. डोकं फुटेल इतकं दुखतंय, डोळ्यापुढे चमकतंय, तोंड सुजलंय, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी 108 लावा, सकाळी बघू म्हणू नका.