अंतर तेच, मग विमानाला येताना वेळ कमी का?

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर साधारण ७,२०० किमी. जाताना जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा परतीला तासभर तरी कमी लागतो. पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, हे उत्तर अनेक जण ठामपणे देतात. पण विमानाखालून पृथ्वी पूर्वेकडे सरकत असती, तर लंडनच विमानाच्या दिशेने पुढे आलं असतं आणि जातानाचा प्रवास लवकर संपला असता. घडतं नेमकं उलटं. पृथ्वीसोबत तिचं वातावरणही फिरतं, त्यामुळे हा हिशेब तिथेच बारगळतो.

खरं कारण वाऱ्यात आहे. उष्ण कटिबंधातली हवा तापलेली, ध्रुवाकडची थंडगार. या तफावतीमुळे उंचावरची हवा ध्रुवाकडे निघते आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे पूर्वेकडे वळते. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर तिचे वेगवान झोत बनतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. प्रवासी विमानं याच उंचीवर उडतात. हिवाळ्यात तापमानातला फरक वाढतो, तसा झोतांचा जोरही वाढतो.

हे वारे पहिल्यांदा नीट मोजले ते जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी, १९२०च्या दशकात. तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडायचे आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढायचा, ही त्यांची पद्धत. हिवाळ्यात त्यांना ताशी २५० किमीच्या आसपासचे वारे सापडले. जगाला कळावं म्हणून त्यांनी अहवाल एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला, आणि तो फारसा कुणी वाचलाच नाही. ओइशींच्या वाट्याला त्यांच्या कामाच्या मानाने फारच थोडं श्रेय आलं, याची मला खंत वाटते.

आता आकडे मांडून पाहू. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमी आणि पश्चिमेकडून ताशी १०० किमीचा वारा धरा. लंडनला जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग उरतो ८००, म्हणजे ९ तास. येताना तो होतो १,०००, म्हणजे ७ तास १२ मिनिटं. दोन्ही मिळून १६ तास १२ मिनिटं. वारा नसता तर बरोबर १६ तास लागले असते. जाताना गमावलेलं येताना पूर्ण भरून निघत नाही, कारण समोरच्या वाऱ्याशी झुंजण्यात जास्त तास जातात आणि पाठीवरच्या वाऱ्याचा फायदा कमी तास मिळतो. मला या विषयात सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

तिकिटावरची वेळ याहून थोडी जास्त असते. धावपट्टीपर्यंत जाणं, उतरल्यावर जागेवर येऊन थांबणं, हे सगळं तीत धरलेलं असतं.

अशा वाऱ्यामुळे लांबचा मार्गही परवडतो. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अटलांटिकवरून जवळपास १३,९०० किमी पडायचे, पॅसिफिकवरून पडले १५,३०० किमी. तरीही विमान साडेचौदा तासांत, म्हणजे नेहमीपेक्षा सुमारे दोन तास आधी पोहोचलं. दिल्लीहून पूर्वेला निघाल्यामुळे वारा सतत पाठीशी होता.

उत्तर अटलांटिकवर तर विमानांचे मार्गच रोज नव्याने आखतात. पूर्वेकडे जाणाऱ्यांना झोताच्या जवळून नेतात, पश्चिमेकडे जाणाऱ्यांना त्यापासून दूर ठेवतात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळामुळे हा झोत इतका तेज झाला होता, की ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत उतरलं.