टाकीत मासे किती, आणि कोण कुणाच्या शेजारी

नमस्कार. आमच्या दुकानातून टाकी किंवा मासे नेणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत आम्ही हा कागद घालतो. घरी निवांत वाचा. पुढच्या वेळी मासे घ्यायला येण्याआधी टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची टेपनं इंचात मोजून चिठ्ठीवर लिहून आणा. आत आधीचे मासे कोणते आणि किती, तेही लिहा. नावं ठाऊक नसतील तर मोबाइलवर फोटो काढून आणा. एवढं हाताशी असलं की कुठला मासा द्यायचा आणि कुठला नाही, हे आम्हाला लगेच सांगता येतं.

नऊ गोल्डफिश

वास्तुशांत जवळ आली की एक मागणी ठरलेली असते: आठ केशरी गोल्डफिश आणि एक काळा. हा श्रद्धेचा भाग आहे, त्यात आम्ही पडत नाही. पण दुकान नवं होतं तेव्हा दोन फुटी टाकीबरोबर हे नऊ मासे आम्ही काही न बोलता देत होतो. एकदा दुसऱ्याच आठवड्यात एक आक्का परत आल्या. नऊपैकी सात मेले होते. "रोज सगळं पाणी बदललं, खाणंही पोटभर घातलं, मग मेले का?" असं त्या विचारत होत्या, आणि सोबतची लहान मुलगी रडत होती. चूक त्यांची नव्हती, आमची होती. हा कागद त्या दिवसापासून सुरू झाला.

झालं असं होतं. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. त्याची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच होतो. तो कल्ले जाळतो. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खडीवर उपयोगी जिवाणू वाढलेले असतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र थोडं असेल तर मासे सहन करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या घरी टाकी कोरी होती, नऊ मासे एकाच दिवशी पडले होते, आणि तेही गोल्डफिश, म्हणजे खादाड आणि तेवढीच घाण करणारे. शिवाय नळाचं क्लोरीनचं पाणी रोज थेट ओतलं जायचं. त्यामुळे जिवाणूंना वाढायला वावच मिळाला नाही. पाणी मात्र शेवटपर्यंत काचेसारखं स्वच्छ दिसत होतं. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

आज नऊचा आकडा हवाच असेल तर आम्ही आठ केशरी प्लॅटी आणि एक काळी मॉली देतो, सगळे नर. प्लॅटी जेमतेम दोन इंच होतात, दोन्ही एकाच प्रकारच्या पाण्यात सुखानं राहतात, आणि देवघराशेजारची टाकी तशीच केशरी-काळी दिसते. फक्त एकदम नऊ देत नाही. आधी तीन, दोन आठवड्यांनी आणखी तीन, मग उरलेले. गोल्डफिशच हवे असतील तर तीन फुटी टाकीत शेपटीदार दोन, फार तर तीन. गोल बाऊलमध्ये गोल्डफिश आम्ही देत नाही. कृपया आग्रह करू नका.

टाकीत पाणी किती आहे

लांबी, रुंदी आणि उंची यांचा इंचांतला गुणाकार करून ६१ नं भागा. उत्तर लिटरमध्ये येतं. २४ × १२ × १२ इंची टाकीचे होतात ५६ लिटर. वरची मोकळी जागा, खडी आणि दगड वजा करता खरं पाणी ४५ ते ४८ लिटरच उरतं. ३६ × १५ × १५ इंची टाकी भरते १३२ लिटर. लांबी दीडपटच वाढली, पाणी मात्र दुपटीहून जास्त. जागा असेल तर पहिलीच टाकी तीन फुटी घ्या, असं आम्ही म्हणतो ते यासाठी. मोठ्या टाकीत चूक पचते.

"एक इंच माशाला चार लिटर" असा हिशेब बरेच जण ऐकून येतात. गप्पी, निऑन असल्या दोन इंचांच्या आतल्या माशांना तो ढोबळमानानं चालतो, त्यापुढे फसतो. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं. एक एक इंचाचे दहा मासे आणि दहा इंचाचा एक ऑस्कर, फूटपट्टीवर दोन्ही सारखेच. वजनात ऑस्कर त्या दहांच्या शंभरपट भरतो आणि घाणही त्याच मापानं करतो.

म्हणून दुकानात दिसणाऱ्या आकारावर जाऊ नका. काचेतली पिल्लं दोन इंचांचीच असतात. "शार्क" म्हणून मागितला जातो तो चंदेरी मासा खरं तर पंगास, हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तोच. तो एक मीटरपर्यंत वाढतो, घाबरला की काचेवर तोंड आपटून घेतो. काच साफ करायला नेलेला सकर एक-दीड फूट होतो; मोठेपणी शेवाळ कमी खातो आणि घाणच जास्त करतो. "लहान टाकीत ठेवला की तो लहानच राहतो" असं लोक सांगतात. त्यात मासा सुखी आहे असं समजू नका. वाईट पाण्यात त्याची वाढ खुंटते आणि आयुष्य घटतं.

कोण कुणाबरोबर

सगळ्यात आधी पाणी जुळायला हवं. बोअरचं पाणी तापवल्यावर भांड्याला पांढरा थर बसतो का, ते बघा. बसत असेल तर पाणी जड आहे. गप्पी, प्लॅटी, मॉली अशा पाण्यात खूश असतात. निऑन टेट्रा हळव्या, म्हणजे असा थर न बसणाऱ्या पाण्यातला, त्याला जड पाणी सोसत नाही. मॉली आणि निऑन दोन्ही स्वस्त नि देखणे, म्हणून एकत्र मागितले जातात. त्यातला एक कायम कुढत राहतो. पाणी हळवं असेल तर दोन फुटी टाकीत आठ निऑन आणि तळाला पाच कोरी (कोरीडोरास मासे). निऑन मधल्या थरात फिरतात, कोरी खाली वाळू उकरतात, कुणी कुणाच्या वाटेत येत नाही.

मग तोंड बघा. तोंडात मावेल तो मासा आज ना उद्या पोटात जाणारच. रुपयाएवढा एंजल निऑनसोबत गोड दिसतो. सहा-आठ महिन्यांनी रात्री लाईट बंद झाल्यावर निऑन एकेक करून कमी होतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं, मासे गायब झाले. एंजलला दीड फूट उंच टाकी लागते, नाहीतर त्याचे पंख वाकतात.

टायगर बार्ब दोन-तीनच नेऊ नका. कळपात आठ-दहा असले की ते आपापसांत भांडतात. कमी असले की एंजलचे, गप्पीचे लांब पंख कुरतडतात. फायटरचे दोन नर एकत्र कधीच नाहीत, हे बहुतेकांना माहीत असतं. पण गप्पीच्या नराची रंगीत शेपटी पाहूनही तो दुसरा फायटरच समजून धावतो. त्याला पंधरा-वीस लिटरची स्वतःची टाकी द्या. फ्लॉवरहॉर्नही एकटाच.

गप्पीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण गर्दीचं घरगुती कारण बहुतेक वेळा तीच असते. मादी साधारण महिन्याला वीस-तीस पिल्लं देते. "मग फक्त माद्याच द्या" असं म्हणून चालत नाही. दुकानातून जाणारी मादी आधीच गाभण असते, आणि नराचं बीज कित्येक महिने साठवूनही ठेवते. पिल्लं नको असतील तर फक्त नर घ्या. सहा नर दोन फुटी टाकीला भरपूर शोभा देतात.

आपल्याकडचं पाणी, थंडी आणि करंट

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. दोन फुटी टाकीला ते एक बादली होतं. बेळगावात राकसकोप जलाशयाचं असो वा हिडकल धरणाचं, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. एक दिवस बॅरलमध्ये उघडं ठेवा किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब घाला. नळाला रोज पाणी येत नाही अशा भागात टाकीसाठी एक बादली कायम भरून ठेवायची सवय लावा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्या, नाहीतर जिवाणू मरतात.

डिसेंबर-जानेवारीत बेळगावची रात्र १३-१४ अंशांवर येते. एंजल आणि फायटर यांना पाणी २४ ते २८ अंश लागतं. थंडी लागली की अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठतात. लिटरमागे एक वॅट हिशेबानं हीटर घ्या. गोल्डफिशला तो नको.

पावसाळ्यात खानापूर भागात करंट जातो, तो कधीकधी रात्रभर येत नाही. मोजके मासे असलेली टाकी अशी रात्र काढते. गच्च भरलेल्या टाकीत पहाटे सगळे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसतात. तसं दिसलं तर मगनं टाकीतलंच पाणी उचलून वितभर उंचीवरून परत ओतत राहा, तिसरा हिस्सा पाणी बदला, त्या दिवशी खाणं बंद. बॅटरीवरचा एअर पंप एक तरी घरात असू द्या.

जास्त झालेले मासे

सकर, शार्क, गप्पीची पिल्लं, काहीही असो, किल्ला तलावात, मार्कंडेयात किंवा मलप्रभेत सोडू नका. सकर बाहेरच्या देशातला आहे, सहज मरत नाही, आणि आपल्या नद्यांतल्या माशांची जागा बळकावतो. तसंच ओढ्यातले मासे धरून घरच्या टाकीत टाकू नका. त्यांच्याबरोबर रोग येतात.

आमच्याकडून नेलेला कुठलाही मासा आम्ही परत घेतो, तो कितीही मोठा झालेला असो. झाकणाच्या बादलीत, त्याच टाकीच्या पाण्यात घालून आणा. आदल्या दिवशी खायला देऊ नका, म्हणजे वाटेत पाणी खराब होत नाही.