आधी जाळी बघा, मग मेगापिक्सेल

पक्षिगृहाला कॅमेरा लावला त्या पहिल्या रात्री मला पक्षी दिसलेच नाहीत. दिसली ती जाळी. पांढरीफटक, ट्यूबलाइट लावल्यासारखी उजळलेली, आणि तिच्यामागे मिट्ट काळोख. ‘रात्री ३० मीटरपर्यंत स्पष्ट’ असं खोक्यावर छापलेलं होतं आणि ते खोटं नव्हतं. चूक माझी होती. मी कॅमेरा जाळीच्या बाहेर, खांबावर ठोकला होता.

रात्री दिसणाऱ्या कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती छोटे अवरक्त दिवे असतात. आपल्या डोळ्यांना तो प्रकाश जवळपास दिसत नाही, सेन्सरला दिसतो. आता जाळीची तार दिव्यापासून ५ सेंटिमीटरवर आणि काठीवर झोपलेली झेब्रा फिंच (चिमणीहून छोटा पाळीव पक्षी) ३ मीटरवर, म्हणजे ६० पट लांब. प्रकाश अंतराच्या वर्गाने विरळ होतो, तेव्हा ढोबळ हिशेबाने तारेवर पक्ष्यापेक्षा ३,६०० पट प्रकाश पडतो. कॅमेरा बिचारा त्या झगमगाटाला बेताचं करायला सगळं चित्र मंद करतो आणि फिंच काळोखात बुडते. कोळ्याचं एक जाळं भिंगापुढे आलं तरी हेच होतं, आणि कोळ्यांना ती जागा का कोण जाणे फार आवडते.

म्हणून कॅमेरा निवडताना पहिला प्रश्न, तो जाळीच्या आत बसेल का? आत बसवायचा तर अंगाने छोटा, गोल घुमटाचा, चोचीला धरायला काही न देणारा हवा. पोपटवर्गातले पक्षी असतील तर वायर लोखंडी नळीतूनच न्यायची; मऊ रबर दिसलं की त्यांना राहवत नाही. बाहेरच ठेवावा लागला तर त्याचे स्वतःचे दिवे बंद करता येतात का ते आधी पाहायचं आणि अवरक्त दिवा वेगळा, बाजूला, जाळीच्या आत लावायचा. दिवसाची अडचण सोपी आहे. भिंग जाळीला जवळजवळ टेकवलं की तारा इतक्या धूसर होतात की चित्रातून नाहीशाच होतात.

अवरक्त दिवे साधारण दोन तरंगलांबींचे मिळतात, ८५० आणि ९४० नॅनोमीटर. ८५०चे दिवे अंधारात निरखून पाहिले तर मंद लालसर ठिपके दिसतात. ९४०चे दिसत नाहीत. सिलिकॉनच्या सेन्सरला ९४०चा प्रकाश कमी जाणवतो, त्यामुळे टप्पा घटतो. अंगणाची राखण करायची असेल तर हा तोटा मोठा. पक्षिगृहात सगळा मामला तीन-चार मीटरचा, तिथे ९४०च घ्यावेत असं माझं मत. पक्ष्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी चार प्रकारच्या असतात, आपल्या तीन. त्यांची ही जादाची नजर अतिनीलाकडे झुकलेली आहे. अवरक्ताच्या टोकाला ते आपल्याइतकेच आंधळे.

‘रात्रीही रंगीत’ अशी जाहिरात असलेले कॅमेरे मात्र नीट बघून घ्या. त्यातले बरेच हालचाल दिसली की पांढरा झगझगीत दिवा पेटवतात. कॉकटिल (तुरेवाला छोटा पोपट) पाळणाऱ्यांना ‘रात्रीची घबराट’ सांगावी लागत नाही. एक पक्षी दचकतो, मग सगळा थवा अंधारात जाळीवर आपटत सुटतो आणि सकाळी तुटलेल्या कोवळ्या पिसांचं रक्त काठीवर दिसतं. राखणीसाठी लावलेल्या कॅमेऱ्यानेच हे घडवून आणावं याला काय म्हणायचं! तो दिवा सेटिंगमधून कायमचा बंद होत नसेल तर तो कॅमेरा दुकानातच राहू द्या.

आता मेगापिक्सेल, म्हणजे चित्रात किती दशलक्ष ठिपके ते. खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा हाच असतो, म्हणून त्याचा हिशेब एकदा कागदावर करू. ‘फुल एचडी’ चित्र रुंदीला १,९२० ठिपक्यांचं. चौकटीत ३ मीटर रुंदी मावत असेल तर एका सेंटिमीटरला साडेसहाच्या आत ठिपके येतात. झेब्रा फिंच साधारण १० सेंटिमीटर लांब, म्हणजे ती ६४ ठिपक्यांत उतरते. कोण कुठे बसलंय, कोण पिसं फुगवून कोपऱ्यात गेलंय, हे कळायला एवढं पुष्कळ. ओळखीसाठी पायात घातलेल्या कड्यावरचा आकडा मात्र जेमतेम २ मिलिमीटर उंच असतो, त्याच्या वाट्याला एक-सव्वा ठिपका येतो. रुंदीला दुप्पट ठिपक्यांचा ‘फोर-के’ घेतलात तर अडीच. अडीच ठिपक्यांत ३ आणि ८ वेगळे काढता येत नाहीत. तोच साधा फुल एचडी कॅमेरा धान्याच्या ताटलीवर रोखा, चौकटीत फक्त ३० सेंटिमीटर रुंदी घ्या, आणि त्याच आकड्याला तेरा ठिपके मिळतात. पक्षी भुकेपोटी स्वतःच नंबर दाखवायला येतो. एका भारी कॅमेऱ्याऐवजी दोन मध्यम घ्यावेत, एक सगळीकडे पाहणारा आणि एक ताटलीवर, हे मी या हिशेबावरून म्हणतोय. रंगीत कड्यांवर विसंबत असाल तर लक्षात ठेवा, अवरक्तात सगळे रंग करडे होतात.

जास्त मेगापिक्सेलची किंमत रात्री मोजावी लागते. सेन्सरचा आकार तोच ठेवून २ मेगापिक्सेलचे ८ केले की प्रत्येक ठिपक्याची बाजू २.९ मायक्रॉनवरून १.४५ मायक्रॉनवर येते आणि प्रकाश पकडायचं क्षेत्र पावपट होतं. संधिप्रकाशात मग चित्र रवाळ दिसतं, किंवा कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. सेकंदाच्या तिसाव्या भागात, ताशी ११ किलोमीटरच्या बेताच्या वेगाने उडणारी फिंच १० सेंटिमीटर सरकते, म्हणजे स्वतःच्या लांबीइतकी. चित्रात फक्त करडा फराटा उमटतो. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर आणलं तर सरकणं ६-७ मिलिमीटरवर येतं, पण त्याला भरपूर उजेड लागतो. कॅमेऱ्यात शटर हाताने ठरवता येतं का, हे मेगापिक्सेलच्या आधी विचारावं.

भिंगाचा आकडाही असाच वाचायचा. २.८ मिलिमीटरचं भिंग शंभरेक अंशांचा पसारा घेतं, ६ मिलिमीटरचं त्याच्या निम्म्याच्या आसपास. घरट्याच्या पेटीत वेगळीच पंचाईत असते. तिथे पक्षी भिंगापासून वीतभर अंतरावर असतो आणि राखणीच्या कॅमेऱ्यांचं भिंग लांबचं पाहायला बसवलेलं असतं. भिंग फिरवून जवळचं नीट दिसेल असं करता येत असेल तरच तो पेटीसाठी घ्यावा.

मग येतो वायफाय, आणि पुन्हा जाळी. अडीच गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या वायफाय लहरींची लांबी साधारण १२ सेंटिमीटर असते. पक्षिगृहाच्या जाळीची भोकं सव्वा सेंटिमीटरची, म्हणजे लहरीच्या दहाव्या भागाएवढी. अशा धातूच्या जाळीतून लहर फार थोडी पार होते. मायक्रोवेव्ह भट्टी जवळपास याच वारंवारतेवर चालते आणि तिच्या दारातल्या बारीक जाळीमुळेच लहरी आत राहतात. मायकेल फॅरेडेने १८३६ मध्ये धातूने मढवलेल्या खोलीत बसून बाहेरची वीज आत येत नाही हे दाखवलं होतं. पक्ष्यांसाठी आपण तसंच काहीसं बांधून ठेवतो आणि वर ‘आत सिग्नल मिळत नाही’ म्हणून कॅमेऱ्याला नावं ठेवतो. दाराच्या फटींतून, लाकडी भागातून थोडा सिग्नल शिरतो, पण त्याचा भरवसा नाही. नेटवर्कच्या वायरीतूनच वीजही घेणारा, ‘पीओई’ म्हणतात तो कॅमेरा घ्या. एकच वायर १०० मीटरपर्यंत जाते.

हालचाल टिपण्याचे दोन प्रकार असतात. अंगाची ऊब ओळखणारा सेन्सर माणसासाठी उत्तम, पण पक्षी पिसांच्या रजईत असतो. आतून ४० अंशांच्या वर तापलेला असला तरी बाहेरून भोवतालच्या हवेपेक्षा फारसा गरम नसतो, आणि रणरणत्या दुपारी तर तो फरकही उरत नाही. चित्रातला बदल मोजणारा प्रकार पक्षी पकडतो, पण पानं, सावल्या, पतंगही पकडतो. मी सरळ चोवीस तास चित्रण ठेवतो. सेकंदाला ४ मेगाबिटच्या हिशेबाने दिवसाला ४३ गिगाबाइट जागा लागते.

आवाज ऐकायचा असेल तर एक खोच आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांचा माइक टेलिफोनच्या जातीचा असतो, सेकंदाला ८,००० नमुने घेणारा. त्याला ४,००० हर्ट्‌झच्या वरचं काही ऐकू येत नाही आणि फिंचच्या गाण्यातला बराच नाजूक भाग तिथून पुढेच असतो.

पाण्यापावसासाठी आयपी ६६ (धूळ-पाणी रोखण्याची श्रेणी) पुरे. पक्षिगृह पाइपने धुतलं तरी निभावतं.

दिवसा आत दिवे लावत असाल तर कॅमेरा एक गोष्ट फुकट सांगतो. चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा लुकलुकतो आहे. आपल्याला ते जाणवत नाही, पण २०१६ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी माशीमार पक्ष्यांवर केलेल्या प्रयोगात त्यांना सेकंदाला १४०च्या आसपासची लुकलुकही वेगळी दिसत असल्याचं आढळलं. तसा दिवा बदललेला बरा.

एवढा खटाटोप कशासाठी, तर माणूस जवळ आला की आजारी पक्षीही ताठ बसतो. आपली पाठ वळली की पिसं फुगतात, डोळे मिटतात, श्वासागणिक शेपूट वरखाली होऊ लागते. हे आपल्या गैरहजेरीतच दिसतं.

माझा दुसरा कॅमेरा आता ताटलीवर आहे. फिंच रात्री उठून धान्य खातात की काय, असं मला महिनाभर वाटत होतं, कारण संध्याकाळी भरलेली ताटली सकाळी निम्मी असायची. तिसऱ्या रात्रीच्या चित्रणात पक्षी काठीवर गोळा होऊन झोपलेले होते. २ वाजून ४० मिनिटांनी जाळीच्या एका चौकोनातून आधी मिशा आल्या, मग डोकं, आणि डोकं मावलं तसं उंदराचं सगळं पिल्लू तेलात बुडवल्यासारखं आत सरकलं.