खड्डे मोजले, राखण कुणी केली? महाराष्ट्रातल्या वनीकरणाची पार्श्वभूमी

२०१६ साली राज्य सरकारनं १ जुलैला २ कोटी झाडं लावायचं ठरवलं. पुढच्या वर्षी ४ कोटी, मग १३ आणि २०१९च्या पावसाळ्यात ३३ कोटी. या आकड्यांवर विधिमंडळात आणि बाहेरही बरीच खडाजंगी झाली. पण झाडं सरकारनं लावायची आणि गावानं लांबून बघायची, ही रीत खूप जुनी आहे.

मुंबई इलाख्यात १८४७ साली अलेक्झांडर गिब्सन यांना जंगलांचे संरक्षक नेमलं गेलं. पेशानं डॉक्टर, त्याआधी दापोडीच्या सरकारी बागेचे अधीक्षक. सरकारला सागवान हवं होतं ते जहाजांसाठी. रेल्वे आल्यावर रुळांखालच्या स्लीपरांचीही भर पडली. १८६४ मध्ये वनखातं उभं राहिलं आणि १८७८च्या कायद्यानं 'राखीव वन' हा शब्द गावोगाव पोचवला. राखीव कुणापासून, हे लोकांना लगेच कळलं. डोंगर-दऱ्यांबरोबर गायरानंही जंगलखात्याच्या घशात गेली, अशी तक्रार महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये केली आहे.

त्या रागाला १९३० मध्ये वाट मिळाली. गांधीजींचा मिठाचा सत्याग्रह सुरू झाला होता, पण मीठ उचलायला समुद्र लागतो. वऱ्हाडात समुद्र कुठला? तिथं गवत होतं. पुसदला लोकनायक अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या बिळाशीत सागाचं झाड तोडलं गेलं, तर उरणजवळच्या चिरनेरला २५ सप्टेंबरला गोळीबार होऊन माणसं मेली. विळाभर गवतासाठी एवढं सगळं!

स्वातंत्र्यानंतर खात्याची नजर फारशी बदलली नाही. १९७४ मध्ये वनविकास महामंडळ स्थापन झालं आणि कमी उत्पन्नाचं मिश्र जंगल तोडून त्या जागी सागाची रोपवनं उभी राहू लागली. सागाखाली गुरांना चारा नाही आणि मोहा-तेंदूही मिळत नाही, हा हिशेब कुणी मांडला नाही. १९८०च्या वनसंरक्षण कायद्यानं मात्र वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर केंद्राची परवानगी सक्तीची केली.

१९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगानं सुचवलं, की लोकांचं सरपण जंगलाबाहेरच पिकवावं. त्यातून १९८२ मध्ये महाराष्ट्रात सामाजिक वनीकरणाचं वेगळं खातं आलं. सडकांच्या कडेला, कालव्यांवर, गायरानांवर सुबाभूळ, निलगिरी आणि ग्लिरिसिडिया दिसू लागली. ग्लिरिसिडियाला गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाचा खर्च वाचायचा.

आमच्या गायरानावरचं लागवडीचं काम मी लहानपणी पाहिलंय. उन्हाळ्यात मुरमात हात-दीड हात खोल खड्डे, पावसाळ्यात ट्रकमधून काळ्या पिशव्यांतली रोपं. पिशवी ब्लेडनं उभी चिरून काढायची, नाहीतर मुळं आतल्या आत वेटोळी घेतात. संध्याकाळी घरी जायची घाई झाली, की कित्येक रोपं पिशवीसकट खड्ड्यात जायची. मस्टरवर मात्र खड्डा भरल्याची नोंद व्हायची. तिसऱ्या उन्हाळ्यात त्या उतारावर फलक तेवढा उरला होता.

१९८८च्या राष्ट्रीय वननीतीनं पहिल्यांदा महसुलाआधी पर्यावरण आणि गावकऱ्यांच्या गरजा ठेवल्या. त्याच वेळी देशाचा एक तृतीयांश भाग वृक्षाच्छादित करायचं उद्दिष्टही दिलं. महाराष्ट्राचं वनाच्छादन २०२१च्या सरकारी अहवालानुसार ५०,७९८ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण साडेसोळा टक्के. १९९० मध्ये केंद्राचं परिपत्रक आलं, १९९२ मध्ये राज्याचा शासन निर्णय, आणि संयुक्त वन व्यवस्थापन समित्या निघाल्या. गावानं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळायची आणि उत्पन्नात वाटा घ्यायचा. २००६ मध्ये चांगल्या समित्यांसाठी संत तुकाराम वनग्राम योजनेची बक्षिसं आली. किनाऱ्यावर वेगळी गोष्ट घडली: २००५ मध्ये उच्च न्यायालयानं कांदळवन, म्हणजे खाडीकाठची खारफुटी, तोडायला मनाई केली आणि २०१२ मध्ये सरकारनं वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष उघडला.

संयुक्त व्यवस्थापनात एक मासलेवाईक अट होती. योजना बिघडलेल्या जंगलापुरतीच. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाचं जंगल चांगलं होतं, म्हणून ते अटीत बसेना! जंगल राखलं हाच गुन्हा. गावानं हट्ट सोडला नाही आणि योजनेत जागा मिळवली. पुढे २००६चा वनहक्क कायदा आला, आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूवर खातं अडून राहिलं. कायद्यानं बांबू गौण वनोपज, म्हणजे गावानं गोळा करून विकावा असा माल, ठरवला होता, पण गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि परवान्याचं पुस्तक खात्याच्या कपाटात. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले, तेव्हा ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.