कड्यावरून कुंडीत: जुनिपर बोन्सायची पार्श्वभूमी

जुनिपर या सूचिपर्णी झाडाचं जुनं बोन्साय जवळून पाहिलं, की हिरव्या पाल्याच्या आधी नजर जाते ती खोडाच्या पांढऱ्याफटक भागाकडे. साल नाही, ओल नाही. उन्हावाऱ्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या हाडासारखं लाकूड. जपानी माळी त्याला 'शारी' म्हणतात, आणि फांदीच्या किंवा शेंड्याच्या वाळलेल्या टोकाला 'जिन'. 'जिन' ज्या चिन्हाने लिहितात त्याचा अर्थ देव. 'शारी' मात्र आपल्या घरातलाच शब्द निघतो: संस्कृत 'शरीर'. बुद्धाच्या देहाचे जे अवशेष स्तूपांत जपले गेले, त्यांच्यासाठी हा शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये गेला, तिथून जपानला पोचला आणि शेवटी कुंडीतल्या झाडाच्या मेलेल्या लाकडाला चिकटला.

या पांढऱ्या लाकडाला लागूनच तांबूस-तपकिरी सालीचा एक पट्टा पिळा घेत वर चढतो. सुटलेली साल ओल्या ब्रशने घासून काढली की तो आणखी उठून दिसतो. झाडाचा सगळा जीव या पट्ट्यात असतो. जुनिपरमध्ये एका बाजूचं मूळ बहुतांशी आपल्याच रेषेतल्या फांद्यांना पाणी पुरवतं. ते मूळ मेलं की त्याच्या वरचा सालीचा पट्टा मरतो, ती फांदी वाळते, आणि शेजारचा पट्टा काही झालंच नाही अशा थाटात जगत राहतो. लाकूड राळयुक्त असल्यामुळे मेलेला भाग लवकर कुजतही नाही. म्हणून एकाच खोडावर मेलेलं आणि जिवंत, दोन्ही शेकडो वर्षं शेजारी नांदू शकतात.

'बोन्साय ही हजारो वर्षांची कला' हे वाक्य एव्हाना घासून गुळगुळीत झालंय. ते खोटं नाही, पण आज आपण ज्याला जुनिपर बोन्साय म्हणतो त्याला ते सरसकट लावणं मला पटत नाही. चीनमध्ये थांग घराण्याचा राजपुत्र चांगह्वाय याच्या इ.स. ७०६ च्या थडग्यातल्या भित्तिचित्रात एक सेवक दोन्ही हातांत तबक धरून उभा आहे. तबकात छोटे दगड आणि रोपं आहेत. तबकातल्या झाडांसाठी चिनी शब्द 'फन्झाय'. तीच दोन चिन्हं जपानी उच्चाराने वाचली की 'बोन्साय'. जपानमध्ये १३०९ च्या एका चित्रगुंडाळीत अंगणात ठेवलेल्या उथळ तबकांतली बुटकी झाडं दिसतात. 'हाचि-नो-कि', म्हणजे 'कुंडीतली झाडं', या नोह शैलीच्या (जपानच्या एका पारंपरिक नाट्यप्रकारातल्या) नाटकात दारिद्र्यात दिवस काढणारा एक सामुराई बर्फाच्या रात्री दारी आलेल्या भिक्षूला ऊब मिळावी म्हणून आपली लाडकी झाडं तोडून जाळतो. ती झाडं कोणती? प्लम, चेरी आणि पाइन. जुनिपर नाही.

चीनमध्ये जुनिपरचं कौतुक त्याहून जुनं आहे, पण ते मुख्यतः मोठ्या झाडांचं. सूचौजवळच्या क्वांगफू इथल्या मंदिराच्या आवारात चार जुनाट जुनिपर उभे आहेत (उभे म्हणायचं एवढंच, विजेने फाटून आडवं झालेलं खोडही त्यांत आहे आणि ते अजून हिरवं आहे). त्यांची नावं छिंग, छी, कू, क्वाय: निर्मळ, विलक्षण, प्राचीन, विचित्र. ही नावं सम्राट छ्येनलोंगने ठेवली अशी आख्यायिका आहे. कुंडीत जुनिपर वळवणाऱ्या माळ्यांपुढे आदर्श कशाचा होता, हे या चार झाडांकडे पाहिलं की वेगळं सांगावं लागत नाही.

जपानी गोष्ट मात्र कड्यावर सुरू होते. बोन्सायसाठी सर्वांत नावाजलेला जुनिपर म्हणजे 'शिम्पाकु'. त्याच्या शास्त्रीय नावातला 'सार्जेंटाय' हा शब्द अमेरिकेच्या अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानाचे संचालक चार्ल्स सार्जेंट यांच्यावरून आला. ते १८९२ मध्ये झाडं पाहायला जपानला गेले होते. साधारण त्याच सुमारास, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, शिकोकू बेटावरच्या इशिझुचि पर्वताच्या कपारींतले शिम्पाकु लोक खाली आणू लागले. इशिझुचि १,९८२ मीटर उंच, पश्चिम जपानमधला सर्वांत उंच. तिथली झाडं सरत आली तशी नजर वळली जपानी समुद्राकाठच्या इतोइगावाकडे. तिथल्या म्योजो डोंगराचे चुनखडीचे कडे सरळसोट. पायथ्याच्या दरीत जेड हा मौल्यवान दगड सापडतो आणि वर कपारींत शिम्पाकु. जेडसाठी निदान कड्यावर लोंबकळावं तरी लागत नाही.

कड्यावरचे हे शिम्पाकु काढणं हा पोटापाण्याचा धंदा झाला. वरच्या एखाद्या झाडाला किंवा खडकाला दोर बांधायचा, दरीत लोंबकळायचं आणि फटीत घुसलेली मुळं छिन्नीने मोकळी करायची. झाड किती वर्षांचं आहे हे कापल्याशिवाय कळत नाही, आणि ते जगेल का हे पुढचे दोन-तीन हंगाम गेल्याशिवाय कळत नाही. दोर सुटून माणसं मेली. तरी झाडं येत राहिली, कारण इतोइगावाच्या झाडांचा पाला बारीक, दाट आणि तजेलदार होता आणि शहरांतले शौकीन त्याला हवी ती किंमत मोजत होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते कडे जवळजवळ रिकामे झाले. आज 'इतोइगावा' म्हणून जे झाड विकलं जातं, ते बहुधा कड्यावरच्या त्या झाडांच्या फांद्यांपासून लावलेलं छाटकलम असतं. पाला तोच, कडा मात्र त्याने पाहिलेला नसतो.

जुनिपरच्या निगेचे नियम पाठ करण्यापेक्षा हा कडा डोळ्यांसमोर ठेवावा. फटीत माती मूठभर, पाणी आलं तसं वाहून जाणारं: म्हणून दाणेदार, निचऱ्याची माती. जपानी माळी त्यासाठी तोक्योभोवतालच्या कांतो मैदानातली, ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली 'आकादामा' वापरतात. माती वरून सुकू लागली की कुंडीच्या तळातून वाहीपर्यंत पाणी घालायचं आणि मग पुन्हा सुकू लागेपर्यंत थांबायचं. कड्यावर सावली नाही, म्हणून दिवसाचं भरपूर ऊन. वारा सतत, म्हणून कोंदट कोपरा नको. तिथे लाल कोळी ही कीड हमखास लागते. हिवाळ्यात झाड झोपतं आणि त्याला ती झोप लागतेच. यातली एकही गोष्ट दिवाणखान्यातल्या टीपॉयवर मिळत नाही, तरी सर्वांत जास्त जुनिपर तिथेच मरतात. मरतात तेही फसवून. मुळं संपल्यावरही पाला कित्येक आठवडे हिरवा दिसतो, आणि मालक इमानेइतबारे मेलेल्या झाडाला पाणी घालत राहतो.

कड्यावरून आलेल्या झाडांना बोन्साय करणारे माळी तोक्योत होते. १९२३ च्या कांतो भूकंपात त्यांच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. त्यातल्या काहींनी शहराबाहेर मोकळी जागा, चांगलं पाणी आणि स्वच्छ हवा शोधली आणि १९२५ पासून ओमियाचं बोन्साय गाव वसलं. तिथल्या रहिवाशांनी १९२८ मध्ये स्वतःसाठी केलेले नियम मला फार आवडतात: प्रत्येकाकडे किमान १० बोन्साय हवेत, फाटक सगळ्यांसाठी उघडं हवं, घर दुमजली नको आणि कुंपण जिवंत झुडपांचंच हवं. १९३४ मध्ये तोक्योच्या उएनो भागातल्या कलासंग्रहालयात 'कोकुफु' हे बोन्सायचं प्रदर्शन सुरू झालं आणि बोन्साय अंगणातून कलादालनात शिरलं.

जुनिपरचं आजचं नाट्यमय रूप याच ओमियात शिकलेल्या एका माणसाचं देणं आहे. मासाहिको किमुरा, जन्म १९४०. पंधराव्या वर्षी इथल्या एका बागेत शागीर्द म्हणून राहिले. कड्याने शेकडो वर्षांत केलं ते माणसाला काही तासांत करता येईल का, हा त्यांचा सवाल होता, असं त्यांचं काम पाहून वाटतं. खोड उभं चिरायचं, आतलं लाकूड यंत्राने कोरायचं, राफिया या ताडवर्गीय झाडाच्या पानांच्या ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या, वर जाड तार घालायची आणि मग वाकवायचं. यंत्राचा आवाज ऐकून जुनी मंडळी नाराज झाली. झाडं मात्र जगली, आणि जगभरातले शिकाऊ त्यांच्या दारात येऊन उभे राहिले.

कोरलेल्या लाकडाला पांढरं करणारं गंधक-चुन्याचं द्रावण मूळचं बागायतदारांचं; बुरशी आणि किडीसाठी हिवाळ्यात झाडांवर मारायचं. लावताना ते पिवळंधमक असतं आणि सडक्या अंड्यांचा असा वास सुटतो की शेजारी चौकशीला यावेत. काही दिवस ऊन खाल्लं की पिवळेपणा जाऊन हाडाचा रंग उरतो. दुसरी युक्ती भेटकलमाची. खोड जुनं आणि देखणं, पण पाला भरड आणि विस्कटलेला असेल, तर त्यावर इतोइगावाच्या कोवळ्या फांद्या बांधून जोडतात. सांधा जुळला की मूळचा पाला टप्प्याटप्प्याने काढून टाकतात. अमेरिकेतल्या वाळवंटी जुनिपरच्या खोडांवर आज जपानी पाला दिसतो तो असा.

अमेरिकेत जुनिपरला चेहरा दिला तो जॉन नाका यांनी. १९१४ मध्ये कोलोराडोत जन्म, बालपणाचा काही काळ जपानमध्ये आजोबांजवळ, पुढे लॉस एंजेलिस. त्यांचं 'गोशिन' हे ११ जुनिपरांचं छोटं वन. सुरुवात १९४८ मध्ये दोन झाडांनी झाली. नातवंडं वाढत गेली तशी झाडं वाढली, प्रत्येक नातवंडामागे एक. १९७६ मध्ये जपानने अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त ५३ बोन्साय भेट दिली आणि त्यांतून वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात बोन्साय संग्रहालय उभं राहिलं. नाकांनी १९८४ मध्ये 'गोशिन' त्याच संस्थेच्या हवाली केलं.

या सगळ्या प्रवासात निगेची एक गोष्ट उलटी फिरली, आणि जुनी पुस्तकं हाताशी असणाऱ्यांनी ती लक्षात घ्यावी. जुनिपरचे कोवळे शेंडे हंगामभर चिमटीने खुडत राहावेत, असं पूर्वी सर्रास शिकवलं जाई. त्यामागचं कारण प्रदर्शनाचं होतं: कात्रीने पाला अर्धवट कापला की टोकं तपकिरी पडतात, खुडल्यावर पडत नाहीत, आणि हिरवे पुंजके ढगासारखे नीटस दिसतात. पण जुनिपरची ताकद पाल्यात आणि वाढत्या शेंड्यांत असते. ते सतत खुडले की मुळांची वाढ मंदावते आणि झाड वर्षागणिक अशक्त होत जातं. एकदम जास्त छाटलं तर ते मऊ, खवल्यांसारख्या पाल्याऐवजी टोचरा, बाल्यावस्थेतला पाला फेकतं, आणि एखादी फांदी पूर्ण निष्पर्ण केली तर ती सहसा परत फुटतच नाही. म्हणून आता झाडाला आधी मनसोक्त वाढू देतात, मग फक्त लांब निघालेले धुमारे छाटतात. कात्री हिरव्या खवल्यांतून न चालवता आतल्या तपकिरी देठावर चालवली, की टोकं काळवंडायची अडचणही राहत नाही.